शंभरात तीन ग्रॅम: अर्निकाचं तेल, अर्क आणि पट्टी

प्रश्न असा आला आहे: अर्निका या युरोपातल्या डोंगरी औषधी वनस्पतीची वाळलेली फुलं मिळाली आहेत. मुका मार, मुरगळ आणि स्नायूंचा ठणका यांसाठी घरी तेल, अर्क किंवा मलम करायचं आहे. प्रमाण काय घ्यावं? पोटात घेता येतं का? होमिओपॅथीच्या गोळ्या आणि हे एकच का? आणि रोप लावता येईल का?

पोटात घेण्याचं आधी, कारण तिथे चूक झाली तर ती भारी पडते. अर्निकाचा काढा, अर्क किंवा चूर्ण पोटात घेऊ नका. घशाला आणि जठराला आग, उलट्या, जुलाब इथपासून सुरुवात होते. मात्रा जास्त झाली तर धाप लागते आणि हृदयाचे ठोके बिघडतात. जुन्या युरोपात ताप आणि हृदयविकारावर हा काढा देत असत, हे खरं आहे. तो प्रकार बंद पडला तो औषध आणि विष यांच्यातलं अंतर फार थोडं निघालं म्हणून. जर्मनीच्या कमिशन ई या वनौषधी तज्ज्ञमंडळाने 1984 मध्ये अर्निकाला मान्यता दिली ती फक्त बाहेरून वापरण्यासाठी.

याचं कारण फुलातच आहे, आणि ते एकदा कळलं की पुढची सगळी प्रमाणं आपोआप समजतात. अर्निकाच्या फुलात हेलेनॅलिन आणि डायहायड्रोहेलेनॅलिन नावाच्या द्रव्यांची एस्टर, म्हणजे आम्लाशी जोडलेली रूपं, असतात. रसायनशास्त्रात या गटाला सेस्क्विटर्पीन लॅक्टोन म्हणतात. हेलेनॅलिनच्या रेणूवर दोन जागा अशा आहेत, की त्या प्रथिनांमधल्या गंधकयुक्त गटाला पकडतात आणि सोडत नाहीत. पेशीत सूज चेतवणारं एनएफ-कप्पा-बी नावाचं एक प्रथिन असतं. हेलेनॅलिन त्याला असंच पकडून ठेवतं, म्हणून सूज आणि ठणका कमी होतो. पण हीच पकड त्वचेतल्या इतर प्रथिनांवरही बसते. तसं झालं की शरीर त्या प्रथिनाला परकं समजतं आणि ॲलर्जी उभी राहते. रक्तात गेलं तर हृदयाच्या स्नायूचीही तीच गत. म्हणजे गुण आणि दोष एकाच रेणूचे आहेत, त्यांची फारकत करता येत नाही. आपल्या हातात राहतं ते प्रमाण, जागा आणि वेळ.

प्रमाणाचा हिशेब सोपा आहे. कमिशन ईने वेगवेगळ्या प्रकारांसाठी दिलेले आकडे असे आहेत. फुलांचा फांट (गरम पाण्यात भिजवून गाळलेलं पाणी) करायचा तर 100 मिली पाण्याला 2 ग्रॅम फुलं. पट्टीसाठी अर्क वापरायचा तर तो 3 ते 10 पट पातळ करायचा. मलमात अर्क जास्तीत जास्त 20 ते 25 टक्के, किंवा एक भाग फुलं आणि पाच भाग तेल या मापाने केलेलं तेल जास्तीत जास्त 15 टक्के. आकडे वेगळे दिसतात, पण फुलांच्या वजनात बदलून बघा. अर्क दहास एक असतो (एक भाग फुलं, दहा भाग मद्यार्क), म्हणजे तीन पट पातळ केल्यावर शंभरात सव्वातीन ग्रॅम आणि दहा पट केल्यावर एक ग्रॅम. मलमात 25 टक्के अर्क म्हणजे अडीच ग्रॅम. मलमात 15 टक्के तेल म्हणजे तीन ग्रॅम. फांट दोन ग्रॅम. सगळे रस्ते एकाच ठिकाणी येतात: त्वचेवर जे लागतं त्याच्या शंभर भागांत एक ते तीन ग्रॅम फूल. हा आकडा लक्षात ठेवलात तर कुठलीही पाककृती समोर आली तरी ती सौम्य आहे की जहाल, हे तुम्हाला लगेच ताडता येईल.

घरगुती मलमाच्या बऱ्याच कृतींमध्ये चूक होते ती इथेच. फुलं तेलात मुरवायची आणि तेच तेल जसंच्या तसं मेणात आळवायचं, असं सांगितलेलं असतं. पाचास एक या मापाचं तेल आणि दहा टक्के मेण घेतलं तर त्या मलमात शंभरात अठरा ग्रॅम फूल झालं. मर्यादेच्या सहापट. काही जणांना ते सोसतं आणि म्हणून कृती पुढे पुढे जात राहते. ज्यांना सोसत नाही त्यांच्या कातडीवर पाणीदार फोड उठतात, आणि त्यांना वाटतं की मार जास्त लागला होता.

आता हातात आलेली फुलं अर्निकाचीच आहेत का, ते पाहा. औषधी अर्निका म्हणजे अर्निका मॉन्टाना. सूर्यफूल, शेवंती, झेंडू यांच्याच कुळातली, युरोपच्या डोंगराळ कुरणांतली बहुवर्षायू वनस्पती. जमिनीलगत पानांचा चपटा गुच्छ, त्यातून 20 ते 60 सेंटीमीटर उंच केसाळ दांडा, आणि दांड्यावर समोरासमोर येणाऱ्या पानांच्या एक-दोन जोड्या. समोरासमोर पानं ही खूण मोलाची आहे, कारण तिथल्या डोंगरातली बहुतेक पिवळी जुळी भावंडं, उदाहरणार्थ डोरोनिकम, पानं एकाआड एक धरतात. फूल नारिंगी-पिवळं, पाच ते आठ सेंटीमीटर रुंद आणि थोडं विस्कटलेलं दिसतं.

वाळलेल्या मालात पानं नसतात, तेव्हा फुलाचीच चिरफाड करावी लागते. एक फूल कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवा. हे फूल म्हणजे अनेक छोट्या फुलांचा, पुष्पकांचा, गुच्छ असतो. कडेची पाकळीसारखी दिसणारी पुष्पकं लांबट असतात आणि त्यांच्या टोकाला तीन दाते असतात. प्रत्येक पुष्पकाच्या बुडाशी, पाकळीच्या आणि बीजाच्या मध्ये, पांढुरक्या ताठ केसांचा झुबका असतो. सगळी पुष्पकं उपटल्यावर उरणारी बैठक उघड्या डोळ्यांनाही केसाळ दिसते. झुबका अजिबात नसेल तर ते कॅलेंडुला, म्हणजे झेंडूसारखं दिसणारं बागेतलं फूल, असण्याची शक्यता मोठी, कारण कॅलेंडुलाच्या पुष्पकांना असे केस नसतात. अर्निकात कॅलेंडुलाची भेसळ ही जुनी गोष्ट आहे.

दुसरा घोटाळा नावाचा. मेक्सिकन अर्निका या नावाने विकलं जातं ते हेटेरोथेका इन्युलॉइडिस, आणि स्पेनच्या काही भागांत इन्युला मॉन्टानालाही अर्निकाच म्हणतात. मेक्सिकन अर्निका आपल्या जागी चांगली पारंपरिक वनस्पती आहे आणि तिथे तीही मुक्या मारावर लावतात. पण तिच्यात हेलेनॅलिन नाही, त्यामुळे वर दिलेली मापं तिला लागू होत नाहीत. पाकिटावर शास्त्रीय नाव नसेल तर ते पाकीट औषधासाठी घेऊ नका. खरी पर्यायी जात आहे अर्निका चॅमिसोनिस. ती उत्तर अमेरिकेतली, फुलं लहान आणि पुष्कळ, रसायनं बरीचशी तीच. युरोपात ती शेतात लावतात.

खुद्द अर्निका मॉन्टानातही दोन घराणी आहेत. मध्य युरोपातल्या फुलांमध्ये हेलेनॅलिनची एस्टर जास्त, तर स्पेनच्या वायव्य भागातल्या फुलांमध्ये डायहायड्रोहेलेनॅलिनची. दुसऱ्या प्रकारात रेणूच्या दोन पकडींपैकी एक नसते, त्यामुळे ती फुलं ॲलर्जीच्या दृष्टीने सौम्य पडतात. निवड करता येत असेल तर नाजूक त्वचेसाठी स्पॅनिश माल घ्यावा, असं माझं मत आहे.

फुलांचा दर्जा बराचसा वाळवण्यावर ठरतो. अर्निकाचं फूल तोडल्यावरही आतल्या आत पिकत राहतं. सावलीत जाड थर देऊन सावकाश वाळवलं तर चार दिवसांनी फुलाच्या जागी म्हातारीच्या केसांसारखा कापूस हाती येतो. म्हणून फूल नुकतं पूर्ण उमललेलं असताना, दव सुकल्यावर तोडायचं, एकेरी थरात पसरायचं आणि 40 अंशांच्या आसपास खेळत्या हवेत लवकर वाळवायचं. बैठक जाड असते, ती सगळ्यात शेवटी वाळते. बोटांनी दाबल्यावर ती कडक लागून तुटली पाहिजे. मऊ राहिली तर बरणीत बुरशी धरणार. पाच-सहा किलो ओल्या फुलांचं साधारण एक किलो वाळलेलं फूल होतं.

त्याच बैठकीत आणखी एक पाहुणा असतो. टेफ्रायटिस अर्निकी नावाची माशी कळीत अंडी घालते आणि तिच्या अळ्या बैठक पोखरतात. जुने औषधविक्रेते याच कारणाने फक्त पुष्पकं उपटून घेत आणि बैठक टाकून देत. तुमच्या मालात काळपट भुसा किंवा पोकळ बैठका दिसल्या तर तुम्हीही तेच करा. औषधी द्रव्य पुष्पकांत भरपूर असतं, नुकसान होत नाही. मात्र हे काम करताना नाकातोंडाला फडकं बांधा. ते बारीक केस हवेत उडतात आणि घशाला, डोळ्यांना चांगलेच टोचतात. याच फुलाची आणि पानांची पूड पूर्वी शिंका काढायला वापरत.

अर्काची कृती. युरोपीय औषधसंहितेनुसार एक भाग फुलांना दहा भाग इथेनॉल, आणि इथेनॉलची तीव्रता 60 ते 80 टक्के. मधलं 70 धरा. 96 टक्क्यांच्या इथेनॉलचं 70 करायचं असेल तर 365 मिली इथेनॉल मापात ओतून, वर उकळून गार केलेलं पाणी 500 मिलीच्या खुणेपर्यंत भरा. 135 मिली पाणी वेगळं मोजून ओतू नका, कारण दोन्ही मिसळल्यावर आकारमान आक्रसतं आणि माप थोडं कमी भरतं. फुलं 50 ग्रॅम, हाताने मोडून घ्या. पूड करू नका, नाहीतर गाळताना जीव जातो. काचेच्या बरणीत फुलं आणि द्रव भरा, फुलं बुडालेली राहतील असं पाहा, झाकण घट्ट लावा आणि दहा ते चौदा दिवस अंधारात ठेवून रोज एकदा हलवा. नंतर जाड सुती कापडातून पिळून काढा, एक रात्र स्थिर ठेवा आणि कागदी गाळणीतून पुन्हा गाळा. ही दुसरी गाळणी टाळू नका. कापडातून निसटलेले केस त्वचेवर खाज आणतात आणि मग दोष अर्काला जातो. पाचशेतले चारशे मिलीच्या आसपास हाती लागतात, बाकी फुलं पिऊन टाकतात. गडद बाटली, नाव, तारीख आणि ठळक अक्षरांत “पोटात घेऊ नये” अशी चिठ्ठी.

साधं 40 टक्क्यांचं मद्य वापरलं तर अर्क कमकुवत होतो, कारण ही द्रव्यं पाण्यापेक्षा मद्यार्कात आणि तेलात जास्त विरघळतात. जळाऊ स्पिरिट मात्र कधीच घेऊ नका, त्यात मेथॅनॉल असू शकतं आणि ते त्वचेतूनही शोषलं जातं. बरणीला ऊबही देऊ नका. इथेनॉलची वाफ पेट घेते, आणि दोन आठवडे थांबण्याने काही बिघडत नाही.

चांगल्या फुलात आणि अर्कात किती द्रव्य असावं, याचंही गणित संहितेत आहे. फुलात हे लॅक्टोन किमान 0.40 टक्के असले पाहिजेत आणि दहास एक अर्कात किमान 0.04 टक्के. म्हणजे किमान दर्जाच्या फुलातलं सगळंच्या सगळं द्रव्य अर्कात उतरलं तर जेमतेम हिशेब जमतो. जुन्या, रंग उडालेल्या फुलांपासून चांगला अर्क होणार नाही, मग कितीही दिवस मुरवा.

तेलासाठी 40 ग्रॅम फुलं आणि 200 ग्रॅम तेल. ऑलिव्ह, बदाम, तीळ, कुठलंही टिकाऊ खाद्यतेल चालतं. ओली फुलं तेलात घालू नका. त्यांतलं पाणी तळाशी उतरतं, चार दिवसांत वास बदलतो आणि तेल नासतं. वाळलेली फुलंसुद्धा दमट हवेत ओल धरतात, म्हणून आधी अर्धा तास कोमट, कोरड्या हवेत पसरून घ्या. पाचास एक या मापात वाळलेली फुलं तेलात बुडत नाहीत, वर फुगून राहतात. मग लोक फुलं बुडेपर्यंत तेल ओततात आणि माप कुठल्या कुठे जातं. त्याऐवजी फुलं नीट चुरडा आणि दाबून भरा. तरीही वर राहिलीच तर सरळ दहास एक करा, पण तसं बाटलीवर लिहा, कारण पुढे मलम करताना तो आकडा लागणार आहे. बरणी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून 50 ते 60 अंशांवर तीन तास, किंवा उबेच्या, अंधाऱ्या जागी दोन-तीन आठवडे. तळण्यासारखी आच दिली तर फुलं करपतात आणि तेलाला जळका वास येतो. गाळून दोन दिवस स्थिर ठेवा आणि वरचं नितळ तेल हलक्या हाताने ओतून घ्या. तळाचा गढूळ भाग टाकून द्या, बुरशी तिथूनच लागते. तेलाचा रंग सोनेरी-पिवळा येतो, वास हलका आणि गवतासारखा. खवट वास आला की तेल संपलं असं समजा.

हे तेल थेट चोळायचं नाही. पाचास एक तेलाच्या एका भागाला साधं तेल पाच ते सहा भाग मिसळा, म्हणजे शंभरात तीन ग्रॅमच्या जवळ याल. मलमासाठी 100 ग्रॅमचं माप असं: अर्निका तेल 15 ग्रॅम, साधं तेल 73 ग्रॅम, मधमाश्यांचं मेण 12 ग्रॅम. दहास एक तेल असेल तर ते 30 ग्रॅम आणि साधं तेल 58 ग्रॅम. मेण साध्या तेलात वितळवा, खाली उतरवा, हाताला सोसेल इतकं निवल्यावर अर्निका तेल ढवळून घाला आणि लगेच डबीत ओता. गार चमच्यावर एक थेंब टाकून पोत आधीच बघता येतो. घट्ट वाटलं तर थोडं साधं तेल, पातळ वाटलं तर ग्रॅमभर मेण. तेलाच्या मलमात अर्क मिसळायचा प्रयत्न करू नका. पाणी आणि मद्यार्क मेणाबरोबर एकजीव होत नाहीत, दुसऱ्या दिवशी थेंब वेगळे होऊन वर येतात. अर्क घालायचा असेल तर पाणी सामावून घेणारा मलमाचा पाया लागतो.

ताज्या मारावर माझी पसंती मात्र पट्टीलाच आहे. ती गार असते, चोळावं लागत नाही, आणि काही टोचायला लागलं तर क्षणात काढून धुता येते. एक मोठा चमचा म्हणजे 15 मिली अर्क, 100 मिली गार पाण्यात. साधारण आठपट पातळ झालं, म्हणजे शंभरात सव्वा ते दीड ग्रॅम फूल. सुती फडकं त्यात बुडवून पिळा, दुखऱ्या जागेवर 15 ते 20 मिनिटं ठेवा, दिवसातून दोन-तीनदा. वरून प्लास्टिक गुंडाळू नका, रात्रभर बांधून ठेवू नका. झाकलेल्या त्वचेत द्रव्य जास्त खोल जातं, आणि पातळ न केलेल्या अर्काची पट्टी तासन्‌तास राहिली तर फोड येतातच, क्वचित कातडी मरते. ही भीती पाठ्यपुस्तकी नाही. अर्निकाच्या त्वचेवरच्या गंभीर दुष्परिणामांमागे अतितीव्र अर्क, लांबलेला वापर आणि फाटकी त्वचा हीच कारणं असतात.

फाटक्या त्वचेवर म्हणजे खरचटलेल्या जागेवर, जखमेवर, टाक्यांवर, व्रणावर, डोळ्यांच्या आसपास आणि तोंडात अर्निका लावू नये. अखंड कातडी ही इथे गाळणीचं काम करते. गाळणीच नसेल तर शंभरात तीनचा हिशेब निरर्थक होतो. मुका मार आणि खरचटणं बहुतेकदा एकत्रच येतं, तेव्हा खरचटलेल्या भागापासून बोटभर अंतर सोडून लावा किंवा खपली धरून पडेपर्यंत थांबा.

पहिल्यांदा वापरण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागी लावून दोन दिवस वाट पाहा. ही ॲलर्जी उशिरा उठणारी असते, पाच मिनिटांत काही झालं नाही याला अर्थ नाही. आणि एकदा सोसलं म्हणजे कायम सोसेल असंही नाही, कारण वारंवार लावण्यानेच शरीर अर्निका ओळखायला शिकतं. शेवंतीने किंवा गाजरगवताने ज्यांना त्वचेवर पुरळ येतं, त्यांनी अर्निकाच्या वाटेला जाऊ नये. गाजरगवतातलं पार्थेनिन हे हेलेनॅलिनच्याच गटातलं द्रव्य आहे. बारा वर्षांखालच्या मुलांना, गरोदरपणात आणि अंगावर पाजणाऱ्या आईला नको. तीन-चार दिवसांत उतार पडला नाही तर अर्निका बदलून बघण्याऐवजी डॉक्टरांना दाखवा. पायावर भार देता येत नसेल, सांधा वेडावाकडा दिसत असेल, डोक्याला मार असेल, किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना मोठा काळानिळा डाग पसरत असेल, तर घरात पट्टी करत बसू नका.

याचा उपयोग किती होतो, याचं प्रामाणिक उत्तर मध्यम असं आहे. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत हाताच्या बोटांच्या संधिवाताच्या 204 रुग्णांमध्ये अर्निकाचा जेल आणि 5 टक्के आयबुप्रोफेनचा जेल 21 दिवस लावून पाहिले, आणि वेदना व हाताची हालचाल या दोन्ही बाबतींत अर्निका मागे पडली नाही. तो जेल ताज्या वनस्पतीच्या अर्कापासून ठरावीक पद्धतीने केलेला होता, त्यामुळे तो निष्कर्ष घरच्या तेलाला जसाच्या तसा चिकटवता येत नाही. उलट बाजूही आहे. 2010 च्या एका चाचणीत पोटऱ्यांचा व्यायाम करून दुखणाऱ्या पायांवर अर्निकाची क्रीम लावली, तर 24 तासांनी त्या पायात दुखणं साध्या क्रीमपेक्षा जास्त निघालं. माझ्या मते सांध्यांचा ठणका आणि ताजा मुका मार इथे अर्निका वापरण्यासारखी आहे. व्यायामानंतरच्या अंगदुखीवर ती लावण्याचं कारण दिसत नाही. केस वाढवण्यासाठी अर्निका तेल विकलं जातं, त्यामागे भरवशाचा पुरावा नाही, आणि रोज टाळूवर चोळून ॲलर्जी ओढवून घेण्याचा धोका मात्र आहे.

होमिओपॅथीच्या गोळ्या ही वेगळी गोष्ट आहे. 30 सी म्हणजे शंभरास एक असं तीस वेळा पातळ केलेलं, एकावर साठ शून्यं इतकं. त्यात फुलातला रेणू उरत नाही, म्हणून विषबाधा होत नाही, आणि चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यांत निव्वळ साखरेच्या गोळीपेक्षा जास्त परिणाम सिद्ध झालेला नाही. गोंधळ होतो तो मूळ अर्काच्या, म्हणजे मदर टिंक्चरच्या बाटलीने. त्यात खरी वनस्पती असते, तेव्हा ते थेंब थेंब पिणं म्हणजे अर्निका पोटात घेणंच. शिवाय ते पुष्कळदा मुळापासून किंवा अख्ख्या वनस्पतीपासून केलेलं असतं. मुळात थायमॉलसारखी सुगंधी द्रव्यं असतात, पण लॅक्टोन भरतात ते फुलात. म्हणून फुलाच्या अर्कासाठी दिलेली मापं मुळाच्या अर्काला लावू नका.

परंपरेबद्दल थोडं. सोळाव्या-सतराव्या शतकांपासून जर्मन भाषक प्रदेशांत पडलेल्या-झडलेल्यांचं औषध म्हणून अर्निकाची ख्याती झाली. लॅटिनमध्ये तिला ‘पॅनासिया लॅप्सोरम’, म्हणजे पडलेल्यांचा सर्वरोगहर उपाय, असं म्हणत. एकोणिसाव्या शतकात सेबास्टियन क्नाइप या पाद्र्याने अर्निकाचा अर्क घराघरात नेला. फ्रान्सच्या व्होज पर्वतात वाळलेली पानं तंबाखूसारखी ओढत. बव्हेरिया आणि आसपास उन्हाळ्याच्या मध्याला अर्निकाच्या जुड्या शेताच्या कोपऱ्यांत खोचत आणि वादळ आलं की तिची धुरी देत. अटलांटिकच्या पलीकडे, उत्तर अमेरिकेच्या वायव्येकडचे थॉम्पसन हे आदिवासी लोक तिथली हृदयाकार पानांची अर्निका ठेचून सुजेवर आणि मारावर लावत. दोन्ही खंडांतल्या लोकांनी तिचा मुख्य उपयोग तोच ठरवला, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

लागवडीचं उत्तर तुमच्या हिवाळ्यावर अवलंबून आहे. अर्निका मॉन्टानाला नापीक, आम्ल, चुना नसलेली माती आणि फुलण्याआधी थंडीचा मोठा काळ लागतो. जिथे हिवाळा उबदार आणि पावसाळा दमट असतो तिथे पानांचा गुच्छ कसाबसा जगतो, फूल येत नाही, आणि बहुधा मुळं कुजून रोप जातं. थंड हवामान असेल तर ताजं बी घ्या, कारण ते लवकर मरतं. बी मातीवर फक्त दाबा, झाकू नका, रुजायला त्याला उजेड लागतो. 18 ते 20 अंशांवर दोन-तीन आठवड्यांत कोंब दिसतात. माती ऱ्होडोडेंड्रॉनसाठी घेतात तशी आम्ल, पाणी पावसाचं. खत घालून प्रेम दाखवू नका. शेणखत, राख आणि चुना हे तिघं अर्निकाला मारतात. नळाच्या जड पाण्याने माती हळूहळू चुनखडी होते आणि पानं पिवळी पडतात, तेही त्याचंच रूप. पहिल्या वर्षी फक्त गुच्छ, दुसऱ्या वर्षी फुलं. गोगलगायींना कोवळे गुच्छ अतिशय आवडतात, एका रात्रीत वाफा साफ होतो. माती आम्ल करणं जमत नसेल तर चॅमिसोनिस लावा, ती साध्या बागेच्या मातीतही पसरते.

रानातली फुलं विकत घेताना ती कुठून आली, हे जरूर विचारा. युरोपीय संघाच्या 1992 च्या अधिवास निर्देशाच्या पाचव्या परिशिष्टात अर्निका आहे, म्हणजे तिच्या तोडणीवर नियंत्रण ठेवता येतं. रोमानियाचे अपुसेनी पर्वत आणि फ्रान्सचे व्होज ही रानातल्या फुलांची मोठी ठिकाणं. तिथे ती टिकली आहे ती खत न घालता, फुलं येऊन गेल्यावर गवत कापण्याच्या जुन्या पद्धतीमुळे. कुरणाला चुना किंवा खत दिलं, किंवा गवत कापणंच सोडलं आणि झाडी वाढू दिली, की काही वर्षांत अर्निका नाहीशी होते. तोडणाऱ्याने मुळासकट उपटू नये आणि प्रत्येक ताटव्यात काही फुलं बी धरण्यासाठी सोडावीत. अख्खी वनस्पती मुळांसह मागणाऱ्यांपेक्षा फक्त फुलं घेणाऱ्यांकडून माल घ्या. वर दिलेल्या एकाही कृतीत मूळ लागत नाही.